पुरानंतरची पंगत

भांडी बोलायची त्या काळची गोष्ट. देवळातलं मोठं पातेलं लग्नकार्यालाच तेवढं बाहेर निघायचं. एकदा पूर ओसरला आणि लोकांनी त्याला घाईघाईनं चुलीवर चढवलं. पण मांडव दिसेना, सनई ऐकू येईना. चिखलाच्या पायांनी माणसं खिचडी खायला बसलेली.

"आज यजमान कोण?" त्यानं ओगराळ्याला विचारलं.

"कुणीच नाही. वरच्या गावची माणसं आपणहून तांदूळ घेऊन आलीत, तीच रांधतायत."

इतक्यात वाढणारी सुंद्राक्का पंगतीतून फिरत म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

"ही बघ यजमानीण. वरच्या गावची का?"

"इथलीच. हिचं घर याच पुरात गेलं. अजून जेवलेली नाही."

शंभर लग्नं पाहिलेलं पातेलं थक्क झालं. तळाची खिचडी त्यानं तिच्यासाठी ऊन धरून ठेवली.