पासष्ट पंचम्या

एकदा एका जैन व्यापाऱ्याच्या घरी ज्ञानपंचमीच्या व्रताची सांगता होती. ज्ञान मिळावे म्हणून करायचे हे व्रत. पाच वर्षे पाच महिने, दर शुद्ध पंचमीला उपवास. शेठजींची सून सुगन हिने पासष्टच्या पासष्ट उपवास केले होते, दोनदा तर अंगात ताप असताना. शेठजींनी ग्रंथ, लेखण्या, जरीची वेष्टने अशी पाच-पाच मांडली. थाट असा, की लग्नाचे रुखवत फिके पडावे. मग ते सामान आणि सारा गोतावळा घेऊन शेठजी उपाश्रयात, म्हणजे जैन साध्वींच्या निवासस्थानी, एका वृद्ध साध्वींपुढे आले.

साध्वींनी एका ग्रंथाचे वेष्टन सोडले. सगळ्यांनी हात जोडले.

"पहिली ओळ वाच, बाई," साध्वी सुगनला म्हणाल्या.

सुगन मान खाली घालून उभी राहिली. साध्वींनी ग्रंथ पुन्हा गुंडाळला. "व्रत पुरे झाले, असे मी म्हणणार नाही. हे सामान घरी न्या."

सुगनला रडू आवरेना. साध्वींच्या शेजारी बसलेली त्यांची तरुण शिष्या पार गोंधळली. उपवास चुकला म्हणावे, तर एकही चुकला नव्हता. जिला वाचता येत नाही तिला चारचौघांत वाचायला लावायचे, ही कसली करुणा? गुरूंचेच काही चुकते आहे, असे तिच्या मनात आले आणि तसे मनात आल्याची तिला भीतीही वाटली.

"महाराजसाहेब, हिचे काय चुकले?" तिने अखेर गुरूंना विचारले.

"हिचे काहीच नाही."

शिष्येचा गोंधळ आणखी वाढला.

शेठजी पुढे झाले. "शिकायचे म्हणून हिने हट्ट धरला होता. मीच नको म्हटले. बाईमाणसाला श्रद्धा पुरे, महाराजसाहेब. चार अक्षरे आली, की शंका काढत बसते."

"शंका मीही पुष्कळ काढल्या, शेठजी," साध्वी म्हणाल्या. "त्यांची उत्तरे शोधता शोधताच माझी श्रद्धा घट्ट झाली. सुगन पासष्ट वेळा उपाशी राहून ज्ञान मागत होती आणि तुम्ही ते दारातच अडवत होता. दुसऱ्याच्या शिकण्याआड येणाऱ्याच्या बुद्धीवर आवरण चढते, हे तुम्ही दर चातुर्मासात मान डोलावत ऐकता. व्रत तिने पाळले, मोडले तुम्ही. आता पुरे करणेही तुमच्याच हाती आहे."

शेठजींनी आणलेल्या सामानाकडे एकवार पाहिले. मग म्हणाले, "किती दिवस लागतील?"

"पासष्ट पंचम्या थांबलात. आणखी थोडे थांबा."

"आजपासून शिकायला बसू?" सुगनने सासऱ्यांना विचारले. शेठजींनी होकार दिला. पटले होते की नाही, त्यांचे त्यांनाच ठाऊक.

सुगन बसली, तशी शिष्याही उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. शिष्येला रोजची सगळी प्राकृत सूत्रे तोंडपाठ होती, म्हणताना एक अक्षर इकडचे तिकडे होत नसे.

"मलाही शिकवा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मी रोज काय म्हणते, ते मला ठाऊक नाही."