गुंजी मुंगीचं ऊन ऊन शीत

घरोघरी चुली होत्या ना, तेव्हाची ही गोष्ट. सकाळी कौलांतून धूर निघायचा. भाताचा वास गल्लीभर फिरायचा. काय गोड सकाळी होत्या त्या.

तेव्हा एक होती मुंगी. गुंजेसारखी लाल. म्हणून तिचं नाव गुंजी.

येसूआत्या रोज भात रांधायची. भाताचं पहिलं शीत, म्हणजे एकच दाणा, चुलीच्या कडेला ठेवायची. ते गुंजीचं. ऊन ऊन, मऊ मऊ.

एकदा काय झालं, शीत निघालं कालचं. गारढोण. खड्यासारखं. गुंजीला चावेना. तिला रडूच आलं.

"आत्या, आत्या, माझं ऊन ऊन शीत दे."

"चूल पेटेल, तर भात शिजेल," आत्या म्हणाली.

तुरु तुरु तुरु. गुंजी गेली चुलीकडे.

"चुलीबाई, पेट ना. भात शिजेना, माझं ऊन ऊन शीत मला मिळेना."

"काटकी वाळेल, तर मी पेटेन."

तुरु तुरु तुरु. गुंजी गेली अंगणात. काटकी दवाने ओलीचिंब.

"काटकीताई, वाळ ना. चूल पेटेना, भात शिजेना, माझं ऊन ऊन शीत मला मिळेना. माझं ऊन हरवलं गं."

"अगबाई, माझंही ऊन हरवलं," काटकी म्हणाली. "ऊन पडेल, तर मी वाळेन."

गुंजीने वर पाहिलं. एकीचं ऊन भातातलं, एकीचं आभाळातलं. हरवलं मात्र दोघींचं.

तुरु तुरु तुरु. गुंजी चढली कुंपणावर. धुक्याआड ऊन जांभया देत होतं.

"उन्हा रे, पड ना. काटकी वाळेना, चूल पेटेना, भात शिजेना, माझं ऊन ऊन शीत मला मिळेना."

"धुकं हटेल, तर मी पडेन."

"धुक्या रे, हट ना. ऊन पडेना, काटकी वाळेना, चूल पेटेना, भात शिजेना, माझं ऊन ऊन शीत मला मिळेना."

"वारा वाहील, तर मी हटेन."

तुरु तुरु तुरु. वारा पिंपळावर लोळत पडला होता. आळशी कुठला.

"वारादादा, वाहा ना. धुकं हटेना, ऊन पडेना, काटकी वाळेना, चूल पेटेना, भात शिजेना, माझं ऊन ऊन शीत मला मिळेना."

"मग मला काय त्याचं?" वारा म्हणाला.

आता आली का पंचाईत. एका शितातलं देणार तरी किती?

गुंजी म्हणाली, "शीत माझं, वास तुझा."

भाताचा वास? वारा उठलाच.

वारा वाहिला, सूं सूं. धुकं हटलं, भुर्र. ऊन पडलं, लख्ख. काटकी वाळली, कट्ट. चूल पेटली, धगधग.

पाणी कोमट झालं. मग ऊन झालं. मग कढत झालं. मग आधण आलं, खदखद खदखद. आत्याने तांदूळ वैरले. भात शिजला, रटरट रटरट.

आत्याने पहिलं शीत ठेवलं. गुंजीने तोंड लावलं. आई गं, चटका! शीत होतं कढत कढत.

वारा वास न्यायला आलाच होता. त्याने हळूच फुंकर घातली. फूऽऽ.

आता कढत नाही. कोमट नाही. ऊन ऊन.

गुंजीने शीत खाल्लं. वाऱ्याने वास नेला, गल्लीभर फिरवला.

आता ती चूल नाही. येसूआत्याही नाही. तिची फार आठवण येते. पण तुझ्या भाताची वाफ बघ, तशीच आहे.

गोष्ट निवली. घास निवायच्या आत, आ कर.