शमादानातली राळ

ऐका हं, फार जुनी गोष्ट. एका राजाला एका व्यापाऱ्याने विलायतेतली चांदीची दोन जुनी शमादानं नजर केली. मेणबत्त्या लावायची, उंच, सुबक. बुडाशी सिंहाचा इवलासा छाप. दरबारचे म्हातारे सोनार भानशेट यांनी तिथेच कस लावून सांगितलं, "चांदी खरी आहे, सरकार."

शमादानं सांभाळायची ती सगुणा नावाची दासी. कपाटाची किल्ली फक्त तिच्या कमरेला.

राजवाड्यात समया निखाऱ्यांवर धरून चिकट तेल सोडवायची रीत होती. सणाच्या सकाळी साचलेलं मेण निघेना, म्हणून सगुणाने एक शमादानही तसंच धरलं. आणि काय! बुडातून काळंकुट्ट काहीतरी ओघळू लागलं. चांदीचा दांडा बघता बघता वाकला.

"अगं बाई! हे काय!" ती किंचाळलीच.

राणी धावत आली. "ही तर राळ! तू काही केलंस?"

"नाही हो राणीसरकार, आपोआपच झालं," सगुणा बोलून गेली.

"मग त्या सोनारानेच चांदी काढून राळ भरली. बोलवा त्याला!"

भानशेट हात जोडून म्हणाले, "सरकार, पोटात काय आहे ते मी बघितलं नाही, एवढी माझी चूक. पण शमादान मी घरी कधी नेलंच नाही. किल्ली या पोरीकडेच असते. सांग की गं, बाळ!"

सगुणाच्या मनात आलं, 'नेलं नाही' म्हणावं, तर संशय आपल्यावर. ती पायांकडे बघत राहिली.

"कळलं मला," राणी भानशेटना म्हणाली. "दिवस मावळायच्या आत नदीपलीकडे हो. पुन्हा या राज्यात दिसू नकोस."

रात्रभर सगुणाचा डोळा लागला नाही. सकाळी तिने राणीचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. राणीने दुसरं शमादान निखाऱ्यांवर धरायला लावलं. त्यातूनही तशीच राळ! पातळ पत्रा ताठ उभा राहावा म्हणून घडवणाऱ्यानेच ती भरली होती.

भानशेटना परत आणायला घोडेस्वार सुटले. दुपारी परतले ते माना खाली घालून.

"सरकार, काल ते पोचले तेव्हा नाव सुटून गेली होती. दिवस मावळत आला म्हणून म्हातारा तसाच पाण्यात उतरला."

"आणि?" राणीने विचारलं.

एका स्वाराने नदीकाठी वाहत आलेलं भानशेटचं पागोटं तिच्यापुढे ठेवलं. राणीने ते दोन्ही हातांत घेतलं. सगुणाला तर रडूही फुटेना.

म्हणून सांगते, ज्याच्यासाठी खरं बोलायचं, तो समोर उभा आहे तोवरच बोलावं.