हळदीखालचा शब्द

"हरण्याच्या बदल्यात मोर? म्हाराज, आता मोराला गाडीला जुंपू काय?"

भर दरबारात ठकू हे बोलली आणि चोपदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. ठकूच्या काखेत मोर होता. मोर म्हणायचं ते मानेवरून, कारण पिसारा केव्हाच झडून गेला होता. ठकू ही गुरांच्या बाजारातल्या सुभाना दलालाची लेक. हरण्या आणि चांद्या या बैलांच्या जोडीवर बापलेकीची गाडी आठवड्याला चार बाजार फिरायची. राजवाड्याच्या शिपायानं हरण्या नेऊन हा मोर ठेवला आणि गाडी दारातच उभी राहिली. घरात चूल कशी पेटवायची, या विचारानं तिला रडू येत होतं; पण दरबारात रडायचं नाही, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

झालं होतं ते असं. चार दिवसांपूर्वी छावणीतल्या क्रॉली साहेबानं कुसुंबगडच्या राजेसाहेबांचा अबलख घोडा नेला आणि त्याच्या बदल्यात एक चपट्या नाकाचा कुत्रा दिला. कुत्रा दिवसभर झोपायचा आणि घोरायचा. पण जाताना साहेब "स्वॅप!" असं काहीतरी म्हणाला आणि राजेसाहेब त्या शब्दावर लट्टू झाले. घोडा गेल्याचं दुःख नाही, शब्द मिळाल्याचा आनंद! तेव्हापासून राजवाड्याचे शिपाई गावात हिंडत, कुणाची चांगली वस्तू उचलत, वाड्यातली अडगळ तिथं ठेवत आणि "स्वॅप झाला" म्हणून निघून जात.

"मुली, हा इंग्रजी व्यवहार आहे," राजेसाहेब म्हणाले. "त्यात तुला काय कळणार?"

"न्हाई कळत, म्हाराज. तुमीच सांगा, ह्या शब्दाचा अर्थ काय?"

"अदलाबदल!"

"आन तो शब्द आला कुठनं?"

राजेसाहेबांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं. "संस्कृतात 'स्वप्' म्हणजे निजणे, महाराज. प्रत्येक सौद्यात दोघांपैकी एक जण निजलेला असतो, म्हणून स्वॅप!"

कुणी हसलं नाही. कारभाऱ्यांनी फक्त मिशी चावली.

"नाही पटत," राजेसाहेब ठकूकडे वळले. "तूच सांग! आज सूर्य मावळायच्या आत या शब्दाचं मूळ सांगितलंस तर तुझा बैल परत. नाही सांगितलंस तर दुसराही बैल आमचा. आणि इंग्रजी जाणणाऱ्या कुणालाही विचारायचं नाही! निवाडा करायला आम्ही क्रॉली साहेबालाच बोलावतो."

ठकूला पाटीवरचं एक अक्षर येत नव्हतं. पण बाजारात वाढलेली पोर ती, समोरच्याची नजर आणि हात न्याहाळायची सवय सुटते होय? साहेब येऊन बसेपर्यंत तिनं राजेसाहेबांना नीट न्याहाळलं.

"म्हाराज, तुमाला इचारलं तर चालंल का?"

राजेसाहेबांना इंग्रजी येतं की नाही, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं!

"आम्हाला विचार," राजेसाहेब हळूच म्हणाले. "आमची हरकत नाही."

शास्त्रीबुवांना खोकला आला.

"तुमच्या उजव्या तळहाताला हळद कशापायी?"

"अगं, हा साहेब! शब्द बोलला आणि असा काही हात मारला आमच्या हातावर! राजवैद्य चार दिवस लेप लावताहेत."

ठकूनं मोर खाली ठेवला आणि खुदकन हसली.

"मग सापडलं की म्हाराज! शब्दाचं मूळ हळदीखालीच हाय!"

"म्हणजे?"

"आमच्या बाजारात कानडी येतो, गुजराती येतो, वंजारी येतो. एकाची बोली दुसऱ्याला उमगत न्हाई. पर हातावर हात पडला की समद्यांना कळतं, सौदा पक्का झाला! सायबाचे वाडवडीलबी कुठल्यातरी बाजारात असाच हात मारत असतील. त्यो शब्द म्हंजी हात मारनं, दुसरं काय!"

क्रॉली साहेब खुर्चीतून उठलाच. "शाबास! आमच्या जुन्या भाषेत या शब्दाचा अर्थ जोरात मारणे एवढाच होता. सौदा ठरला की लोक हातावर हात मारत. पुढं मारणं मागं पडलं, अदलाबदल तेवढी राहिली."

दरबारात एकच गलका झाला. राजेसाहेब हिरमुसले. "बरं, ने तुझा बैल."

"निती की! पर म्हाराज, शिपायानं हरण्या सोडला तवा माझ्या बाच्या हातावर हात कुनी मारला? गुरवाचा तांब्या नेला तवा? कासारनीची शेळी नेली तवा? टाळी न्हाई वाजली तर तुमचा स्वॅपबी न्हाई झाला!"

राजेसाहेबांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे गावातले आमचे सगळे सौदे मोडले. पक्का तेवढा एकच?"

सगळ्यांचे डोळे सिंहासनाखाली गेले. कुत्रा घोरत होता.

"व्हय म्हाराज," ठकू म्हणाली. "त्यो मातूर लई पक्का झालाय!"

मग राजेसाहेब असे हसले, असे हसले, की मुकुट तिरका झाला आणि कुत्राही जागा झाला.

"पोरी, जिंकलीस! ज्याची वस्तू त्याला आजच परत. आणि गुरांच्या बाजाराची चौधरकी, म्हणजे तिथला सगळा कारभार, आजपासून सुभाना दलालाकडे. दिली!"

ठकूनं पदर खोचला आणि उजवा हात उगारला. "मग हुंदे टाळी, म्हाराज!"

राजेसाहेबांनी आपल्या पिवळ्या तळहाताकडे पाहिलं, पटकन तो पाठीमागे लपवला आणि दुसरा पुढं केला.

"डाव्या हाताचा सौदा बाजारात धरत न्हाईत, म्हाराज!"

राजेसाहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि उजवा हात पुढं केला. "वैद्यबुवा," ते हसत हसतच ओरडले, "हळद उगाळायला घ्या!"