जागेवर न राहणारा ठिपका

"म्हणजे दोष माझ्या हातातच आहे, असंच ना, सर?"

केळशीकर सर मठाच्या पडवीत बसून भिजवलेले वाल सोलत होते. समोर खाडीचं पाणी ओहोटीला लागलं होतं.

सरांचा अर्धा जन्म गोदीत बोटींवरची होकायंत्रं जुळवण्यात गेला होता. पुढे तंत्रनिकेतनात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ते या मठात येऊन राहिले. गावाच्या दृष्टीनं ते बुवा. यशोधन बांदेकर मात्र त्यांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे त्याच्या तोंडी अजून 'सर'च होतं.

"तुझ्या दोस्तांच्या हातात काय होतं त्याचं?" सरांनी विचारलं.

"पडद्यावरचा ठिपका जागच्या जागी असतो."

"आणि तुझ्या?"

"सरकतो. अंगठा टेकवला नाही तरी. कंट्रोलर नुसता हातात धरला की निघाला उजवीकडे."

"मग?"

"मग काय... माझा हातगुणच वाईट!"

बोलून गेला आणि त्याचा तोच ओशाळला. वर्गात मुहूर्त-बिहूर्ताची सगळ्यांत जास्त टिंगल करणारा हाच.

त्याच्या जिवाला घोर लागला होता तो खरा. व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर अंगठ्यानं फिरवायची दांडी असते, ती त्यानं नव्यानं घडवली होती. जुन्या दांडीत दोन भाग एकमेकांवर घासतात, झिजतात आणि मग खेळातला गडी कोणी न सांगता आपला आपण चालू लागतो. यशोधननं घासणंच काढून टाकलं. दांडीच्या बुडाला चिमुकलं लोहचुंबक आणि त्याच्याखाली, मध्ये फट ठेवून, चुंबक कुठं कललं ते ओळखणारा सेन्सर. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. हे वाक्य तो गेलं वर्षभर भेटेल त्याला ऐकवत होता. त्याच्या भरवशावर दोन मित्र चांगल्या नोकऱ्या सोडून आले होते.

आणि सोमवारी कंट्रोलरचं कवच ओतायचा पोलादी साचा कापायला जाणार होता. एकदा पोलाद कापलं की संपलं, तिथं खाडाखोड चालत नाही.

मित्र म्हणायचे, तुझी झोप पुरी होत नाही. एक तर म्हणाला, "तुझा हात काही आपण खोक्यात घालून विकणार नाही ना? मग झालं तर!" सगळे हसले. यशोधनही हसला, पण गाडी काढून तो सरांकडे आला.

सरांनी पंच्याला हात पुसले आणि कंट्रोलर घेतला. लॅपटॉपच्या पडद्यावर एक वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध पांढरा ठिपका.

ठिपका हलला नाही.

यशोधन डोळे फाडून बघत होता. हल रे बाबा, थोडा तरी हल, असं तो मनात म्हणत होता. आपलं यंत्र बिघडलेलं निघावं अशी इच्छा त्याला जन्मात पहिल्यांदाच झाली.

"धर," सर म्हणाले.

त्यानं धरला. अंगठे वर अधांतरी ठेवले. ठिपका सावकाश उजवीकडे निघाला आणि वर्तुळाच्या कडेला जाऊन बसला.

"बघितलंत?" त्यानं हनुवटीनं पडदा दाखवला. "बघितलंत ना?"

"लोखंडाचं काय काय आहे अंगावर?"

"काही नाही. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, फोन, सगळं तिकडे गाडीत ठेवून आलोय. तेवढं कळतं मला, सर."

"सगळं?"

"सगळं."

सर उठून आत गेले. येताना पितळेच्या डबीतलं होकायंत्र घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"उत्तर कुठंय?"

यशोधनला राग आला. इतक्या लांबून तो काय पाचवीचा भूगोल शिकायला आला होता? "ही काय, इकडे," म्हणत त्यानं हात काचेवरून पुढे केला.

काटा वळला. उत्तर सोडून तो त्याच्या हाताकडे आला.

त्यानं चटकन हात मागे घेतला. काटा डुलत डुलत परत गेला. त्यानं पुन्हा हात नेला... काटा पुन्हा आला.

"उत्तर हललं का रे?" सरांनी विचारलं.

यशोधन स्वतःच्या मधल्या बोटाकडे बघत राहिला. तिथं काळपट, जाडसर अंगठी होती.

"ही... आईनं घातलीय. साडेसाती आहे म्हणून. काळ्या घोड्याच्या नालेची." मग घाईघाईनं, "माझा नाही हो विश्वास. आपलं आईचं मन राखायला."

किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, आणि ही बोटात तशीच. त्याच्या लेखी ते लोखंड नव्हतंच मुळी, तो शनी होता. कंट्रोलर धरला की तेच बोट मागच्या बाजूनं, चुंबकाच्या अगदी पाठीशी येऊन बसत होतं.

अंगठी निघेना. वालाच्या पाण्यात बोट बुडवून त्यानं ती फिरवत फिरवत ओढली. ओढताना त्याचे ओठ हलले ते सरांनी पाहिलं. कोणाची माफी मागितली ते विचारलं नाही. अंगठी सरांच्या तळहातावर ठेवून त्यानं कंट्रोलर उचलला.

ठिपका मधोमध. जागचा हलला नाही.

यशोधन हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांत त्यानं असा पोटभर श्वास घेतला नव्हता.

"सुटलो, सर! यंत्रात काही खोट नाही. खोक्यावर एक ओळ छापू. खेळताना हातातली लोखंडी अंगठी, कडं काढून ठेवावं. सोमवारी साचा जाऊ दे तसाच."

"दुसरा काही उपाय?"

"आहे की. चुंबकाला बाहेरून लोखंडी टोपी घालायची. मग बाहेरचं लोखंड त्याला त्रास देत नाही. पण टोपीला जागा लागते. साचा बदलावा लागेल, सोमवार हातचा जाईल, दोस्त मला फाडून खातील... ओळ बरी."

सर अंगठी बोटांत फिरवत होते.

"आईनं ही का घातली?"

"भीती वाटते तिला. नोकरी सोडली ना मी."

"आणि तू का ठेवलीस?"

खाली चिखलात खेकडे तुरुतुरु पळत होते. यशोधन अंगठ्यानं बोटावरचा पांढरा वळ चोळत होता...

"मलाही वाटते," तो म्हणाला.

"आता बोट कसं वाटतंय?"

"...उघडं."

सरांनी त्याचा हात हातात घेतला आणि अंगठी होती तिथं परत सरकवून तो कंट्रोलरवर ठेवला.

पडद्यावरचा ठिपका उजवीकडे निघाला.

"सर! अहो, आत्ता तर सगळं ठीक झालं होतं! अंगठी काढा, एवढी एक ओळ छापली की..."

सरांनी वालाचं भांडं पुढ्यात ओढलं.

"मग भ्यालेल्यांनी खेळायचं कुठं रे?"