ठकूबाईचा हात

एका वृद्ध वैद्यराजांच्या आश्रमात एक शिष्य होता, आणि रुग्णांना तो गुरूंहूनही प्रिय होता. कुणी कण्हू लागले की त्याचे डोळे भरून येत. हात हलका, बोलणे मृदू. माणसे म्हणत, "औषध यांच्याच हातून घ्यावं."

शेजारच्या गावी साथ आली म्हणून गुरू तिकडे गेले असताना, बुरूडकाम करणारी ठकूबाई आपला उजवा हात धरून आली. टोपली विणताना बांबूची टोकदार सळी तळहातात खोल घुसली होती. शिष्याने चिमटा लावला, तोच ती कळवळली. त्याने चिमटा बाजूला ठेवला, थंड लेप लावला आणि मऊ फडक्याने हात बांधून दिला. ती रोज येई, लेप घेऊन समाधानाने जाई. हात मात्र मनगटापर्यंत सुजत चालला. पट्टी बदलताना शिष्य तिकडे पाहण्याचे टाळू लागला. जेवता जेवता तो उठे, अंगणात येरझाऱ्या घाली, आणि कशासाठी ते स्वतःलाही सांगत नसे.

गुरू परतले. त्यांनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा बदलला. "पाणी उकळ. शस्त्र तापव," एवढेच ते म्हणाले.

ठकूबाईचा नवरा तिला घट्ट धरून बसला. गुरूंनी तळहात चिरला. पू वाहू लागला. ती किंचाळली, गुरूंना नाही नाही ते बोलली. "कसाई आहेस, म्हाताऱ्या. तुझे हात झडोत." गुरूंचा हात थांबला नाही. सळीचा तुकडा निघाल्यावरही ते जखमेचा तळ स्वच्छ होईपर्यंत धूतच राहिले. शिष्य कानांवर हात ठेवून बाहेर पळाला.

तो आत आला तेव्हा गुरू तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने तिचे तोंड पुसत होते. ती अजून शिव्या पुटपुटत होती. "बोल, बाई," ते म्हणत होते, "मन मोकळं कर. मी इथंच आहे."

ती झोपल्यावर शिष्याला राहवेना. "गुरुजी, मघाशी तुमचा दगड झाला होता, आणि आता ही माया. यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही वेळी मी तिच्याकडेच पाहत होतो. तू कुठं पाहत होतास?"

शिष्याची नजर ठकूबाईच्या बांधलेल्या हाताकडे गेली.

"तुझं मन कोमल आहे, त्याला मी दोष देत नाही," गुरू म्हणाले. "पण वेदना होती तिच्या हातात. तुला असह्य झाली ती तिची किंकाळी, आणि ती होती तुझ्या कानात. लेप तू लावलास, तो स्वतःच्या कानाला. ज्या दयेनं आपली तगमग शमते आणि रुग्णाचं दुःख वाढतं, तिला करुणा कसं म्हणावं? करुणा दुःखापाशी थांबते, तोंड फिरवत नाही."

"तिचा हात वाचेल ना?"

"अंगठा वाचेल. बाकीच्या बोटांचं आज सांगता येत नाही. उद्या जखम तू धुवायचीस."

"मला जमणार नाही, गुरुजी. माझं काळीज धडधडतं."

"धडधडू दे. माझंही धडधडतं. ज्या दिवशी धडधडायचं थांबेल, त्या दिवशी मी शस्त्र खाली ठेवीन."

सकाळी शिष्याला पाहून ठकूबाईला हायसे वाटले. "बरं झालं, दादा, तुम्ही आलात."

"आज मीही दुखवणार आहे, ठकूबाई," तो म्हणाला. "मी आधीच हे केलं असतं तर एवढं चिघळलं नसतं. वाटेल तेवढं ओरडा, दम लागला तर सांगा, मी थांबेन. पण अर्धवट सोडणार नाही."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिले आणि हात पुढे केला. तो धुऊ लागला. ती ओरडली, त्यालाही कसाई म्हणाली. पण त्याने प्रथमच जखमेच्या तळापर्यंत पाहिले.

ठकूबाईची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या बोटांनी ती पुन्हा विणू लागली. शिष्य पुढे स्वतः वैद्य झाला. रुग्ण किंचाळला की तो शेवटपर्यंत आतून हलत असे. फक्त खोलीबाहेर जात नसे.