आई जेवल्यावर गोळी

डोंगराखालच्या एका गावात गेनू नावाचा भोळा गडी राहत होता. त्या घरात आईचं ऐकणारा तो एकटाच, आणि तोही भोळा.

आईचं नाव ठकूबाई. तिचे गुडघे सुजले होते. लेकीच्या बाळाचं बारसं तोंडावर आलं होतं आणि तिला एसटीची पायरी चढवत नव्हती.

"या वयात बायकांचे गुडघे दुखायचेच," गेनूचे वडील, आबा म्हणाले. बाजेवर पडल्या पडल्या त्यांना सगळंच कळायचं.

गेनू दवाखान्यातून सुजेच्या गोळ्या घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "जेवण झालं की एक. उपाशीपोटी अजिबात नको."

दुपारी आबा जेवले, गेनू जेवला. आबांनी ढेकर दिला. त्या घरात आबांचा ढेकर आला की जेवण झालं असं धरत. ठकूबाई अजून भाकऱ्याच थापत होती. गेनूने तिच्या तोंडात गोळी टाकली. तिच्या पोटात नुसती आग पेटली.

"मेल्या, जेवण तुमचं झालं! मी जेवल्याशिवाय गोळी द्यायची नाही. औषधाच्या आधी अन्न. कळलं?"

"कळलं."

पोट शांत होईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली आणि मलम दिलं. औषधाच्या आधी अन्न! गेनूने आईच्या दोन्ही गुडघ्यांना दहीभात भरवला, मग वरून मलम चोळलं. कुत्रं येऊन गुडघे चाटून गेलं.

"गुडघ्याला तोंड असतं का रे? दुखतं तिथं नुसतं मलम लावायचं!"

"कुठं दुखतं?"

"उंबरा ओलांडताना, आणखी कुठं!"

गेनूने उरलेलं मलम उंबऱ्याला चोळलं. आबा पारावर गप्पा मारायला निघाले आणि अंगणात पाठीवर पोचले. कंबर धरून बोंबलू लागले. या वयात कंबर दुखायचीच, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

बारशाच्या दिवसापर्यंत ठकूबाईचं पोट शांत झालं आणि डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. त्या सकाळी आबा ओरडले, "गेन्या, आईची गोळी दे मला!"

"आई जेवल्याशिवाय गोळी द्यायची नाही."

"मग जेव की गं आधी, ठके!"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ठकूबाई सगळ्यांच्या आधी ताटावर बसली. भाकरी गरम होती. गरम भाकरी अशी लागते, हे तिला माहीतच नव्हतं. तिने आणखी अर्धी घेतली.

ती जेवली. गेनूने गोळी काढून तिलाच दिली. घटकाभराने गुडघे जरा सैल झाले. तिने लुगडं बदललं आणि गोळ्यांचं अर्धं पाकीट पिशवीत टाकलं.

"अरे, माझी गोळी?"

"आई परत जेवली की देतो, आबा."

"आता ती कुठं जेवणार?"

"बारशात."

लेकाची प्रत्येक चूक ठकूबाई आजवर सुधारत आली होती. ही तिने राहू दिली आणि एसटी गाठली.

लेकीने तिला महिनाभर ठेवून घेतलं.

"गेन्या, आता तरी जेवली असेल की रे ती!" आबा कण्हत.

"असेल, आबा," उरलेलं पाकीट मुठीत घट्ट धरून गेनू म्हणे. "पण ती आली की विचारून घेतो."